न्यूजलेटर आपोआप बंद होतंय? बटण नक्की कोण दाबतंय ते आधी शोधा

दर शनिवारी येणारं न्यूजलेटर अचानक यायचं थांबलं आणि मी तर काहीच दाबलं नव्हतं, ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते, कारण आमच्या ट्रेकिंग ग्रुपचं मेलवरचं पत्रक मी सांभाळते आणि यादीत ज्याच्या नावापुढे 'अनसबस्क्राइब्ड' दिसतं तोच माणूस शपथेवर सांगत असतो की मी हात पण लावला नाही. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तो खरंच बोलत असतो.

भानगड अशी आहे की मेलच्या तळाशी बारीक अक्षरात जी अनसबस्क्राइबची लिंक असते ती सगळ्यांना एकच जात नाही, प्रत्येकाची वेगळी असते आणि त्या लांबलचक पत्त्यात तुमची ओळख सांगणारा एक कोड असतो. त्यामुळे तुम्हाला पासवर्ड विचारला जात नाही, नाव विचारलं जात नाही, लिंक उघडली की सिस्टीमला कळतं कोणाला काढायचं. पण दाबणारं बोट कोणाचं होतं हे तिला अजिबात कळत नाही. दूधवाल्याला दारात जो भेटेल त्याने 'उद्यापासून नको' म्हटलं की दूध बंद, घरमालकाला विचारायला तो थांबत नाही, तसंच हे. म्हणून खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं एकाच गोष्टीभोवती फिरतं, तुमची ती लिंक तुमच्याशिवाय अजून कोणाकोणाच्या हातात पडते.

आधी खात्री करा की खरंच अनसबस्क्राइब झालंय

हे सगळ्यात आधी, कारण निम्मे लोक इथेच सुटतात. जीमेलच्या सर्चमध्ये न्यूजलेटरचं नाव टाका आणि शेजारच्या 'शो सर्च ऑप्शन्स' च्या खुणेवर जाऊन 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' निवडा, नुसतं साधं सर्च केलं तर स्पॅम आणि ट्रॅशमधलं दिसत नाही. स्पॅममध्ये सापडलं तर 'नॉट स्पॅम' करा, पण लवकर बघा, तिथला माल 30 दिवसांनी आपोआप उडतो. प्रमोशन्सच्या टॅबमध्ये पडलं असेल तर कॉम्प्युटरवर ते ओढून प्रायमरीत टाका, जीमेल विचारेल की पुढचे पण इकडेच आणू का, हो म्हणा. सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अॅड्रेसेस' पण एकदा उघडून बघा, कधीतरी वैतागून ब्लॉक केलेलं आपणच विसरलेलो असतो. आणि हो, 'यू हॅव बीन अनसबस्क्राइब्ड' असा मेल आलाय का तेही शोधा. असा मेल असेल तर त्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवा, पुढे चोर शोधायला तीच कामाला येते.

कधीकधी काहीच झालेलं नसतं, लिहिणाऱ्यानेच लिहायचं थांबवलेलं असतं. त्याला आपण काय करणार.

फॉरवर्ड, हा सगळ्यात मोठा घोळ

छान लेख आला, तुम्ही मावशीला, दोन मित्रांना आणि ऑफिसातल्या सरांना जसाच्या तसा फॉरवर्ड केला. आता मेलच्या तळाशी तुमची लिंक जशीच्या तशी तिकडे गेली. सरांना वाटतं हे कसलं न्यूजलेटर मला यायला लागलं, मी कधी मागितलं होतं, ते खाली जाऊन अनसबस्क्राइब दाबतात. त्यांना समोर 'तुमचं नाव काढलं' असं दिसतं आणि ते निवांत होतात. नाव तुमचं गेलेलं असतं. त्यांना कल्पना नाही, तुम्हाला कल्पना नाही, आणि पत्रक पाठवणाऱ्याला वाटतं की हा रोजचा वाचक आपल्यावर रागावला का काय.

उपाय सोपा आहे, फक्त सवय लावून घ्यावी लागते. फॉरवर्ड दाबल्यावर लगेच सेंड करू नका, मेलच्या शेवटापर्यंत खाली जा आणि जिथे 'तुम्हाला हा मेल का आला', पत्ता, अनसबस्क्राइब वगैरे सुरू होतं तिथपासून खालचं सगळं सिलेक्ट करून डिलीट करा. काही न्यूजलेटरमध्ये ही लिंक वर पण असते, 'मॅनेज प्रेफरन्सेस' किंवा 'अपडेट प्रोफाइल' अशा नावाने, ती पण काढा, कारण त्या पानावर तुमचा ईमेल पत्ता उघडा दिसू शकतो. मोबाईलवर हे खोडकाम फार किचकट होतं म्हणून शक्यतो लॅपटॉपवरून करा. त्याहून बरं म्हणजे लेख वेबसाइटवर असेल तर तिथे जाऊन ब्राउझरमधली लिंक पाठवा, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर मेलमधल्या बटणावर बोट दाबून धरून कॉपी केलेली लिंक पाठवू नका, त्यात पण बऱ्याचदा तुमचाच कोड असतो. लेख आधी उघडा, पान पूर्ण येऊ द्या, मग वरचा पत्ता कॉपी करा आणि त्यात प्रश्नचिन्हानंतर लांबलचक शेपूट असेल तर ती कापून टाका. कापल्यावर पान उघडतंय ना ते एकदा बघा मात्र, काही साइटवर शेपटीशिवाय चालत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. हाताने फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये निदान जीमेलचं वरचं, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारचं अनसबस्क्राइब बटण जात नाही, कारण तो नवीन मेल होतो. पण तुम्ही सेटिंग्जमधून ऑटो फॉरवर्डिंग लावलं असेल, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेलं सगळं नव्या पत्त्यावर किंवा बायकोच्या, नवऱ्याच्या पत्त्यावर जातंय, तर मूळ मेलची आतली माहिती तशीच जाते आणि समोरच्याला ते वरचं बटण दिसू शकतं. तिकडे कोणी आवराआवर करायला बसलं की इकडे तुमचं बंद.

एक पत्ता, दहा माणसं

सोसायटीची कमिटी, मंडळ, छोटं ऑफिस, सगळीकडे एक कॉमन ईमेल असतो आणि त्याचा पासवर्ड चारपाच जणांकडे असतो, किंवा गुगल ग्रुपचा पत्ता असतो जो सगळ्यांना मेल वाटतो. अशा पत्त्यावर न्यूजलेटर लावलं की त्यातल्या कोणा एकाने बंद केलं की सगळ्यांचं बंद. सेक्रेटरींना वाटतं खजिनदारांनी केलं, खजिनदारांना वाटतं आलंच नाही, आणि पुढच्या मीटिंगला विषय भलतीकडेच जातो. म्हणून कॉमन पत्त्यावर न्यूजलेटर घेऊच नका, ज्याला वाचायचंय त्याने स्वतःच्या पत्त्यावर घ्यावं. घ्यायचंच असेल तर एकाच माणसाच्या पत्त्यावर घ्या आणि त्याने तळ खोडून पुढे पाठवावं.

घरातला टॅबलेट पण यातच येतो. आजोबांच्या मेलबॉक्समध्ये नातू बसून 'सगळा कचरा काढून देतो' म्हणतो, तेव्हा आजोबांना हवी असलेली दोन पत्रकं कोणती हे आधी विचारून घ्या.

ऑफिसचा मेल असेल तर संशय मशीनवर

हा प्रकार लोकांना पटत नाही पण खरा आहे. कंपन्यांच्या मेल सर्व्हरवर सिक्युरिटीची सॉफ्टवेअर बसवलेली असतात, ती मेल तुमच्यापर्यंत यायच्या आधी किंवा आल्याआल्या आतल्या लिंक स्वतः उघडून बघतात की पलीकडे काही घातक तर नाही ना. काही जण मोजक्या लिंक बघतात, काही सगळ्या. आता तळाची अनसबस्क्राइबची लिंक अशी असेल की नुसतं पान उघडलं की लगेच नाव काढलं जातं, तर मशीनने पान उघडलं आणि तुमचं नाव गेलं, तुम्ही अजून मेल बघितला पण नाही.

ओळखायचं कसं? मघाशी लिहून ठेवलेली वेळ काढा. न्यूजलेटर आलं 9 वाजून 2 मिनिटांनी आणि 'नाव काढलं' चा मेल पण 9 वाजून 2 मिनिटांनीच, म्हणजे ते माणसाचं काम नाही. दुसरी खूण म्हणजे परत नाव नोंदवलं की पुढच्याच अंकाला परत बंद होतं. तिसरी, तुमच्याच कंपनीतल्या बाकीच्यांचं पण तसंच होतंय.

हा त्रास इंटरनेटचे नियम बनवणाऱ्यांना पण माहितीये. मेलच्या आत लपलेल्या माहितीत अनसबस्क्राइबचा पत्ता द्यायची सोय 1998 पासून आहे, आणि 2017 मध्ये आरएफसी 8058 नावाचं मानक आलं ते बरंचसं याच कारणाने, की लिंक नुसती उघडणं आणि 'हो, काढा' असं सांगणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. स्कॅनर, म्हणजे ते सिक्युरिटीचं सॉफ्टवेअर, पान उघडतो, पण त्या मानकाप्रमाणे नाव काढायचं तर मेल प्रोग्रामने एक वेगळी ठरावीक विनंती पाठवावी लागते, ती स्कॅनर पाठवत नाही. पण हे झालं जीमेल वगैरेच्या वरच्या बटणाचं, मेलच्या तळाशी असलेली साधी लिंक कशी बनवायची हे अजून पाठवणाऱ्याच्याच हातात आहे आणि घोळ तिथेच होतो.

तुम्ही वाचक असाल तर सरळ स्वतःच्या खाजगी पत्त्यावर घ्या. नोकरी बदलली की ऑफिसचा पत्ता जातोच, तेव्हा तसंही सगळं परत करावं लागतं. कामासाठी ऑफिसच्याच पत्त्यावर हवं असेल तर आयटीवाल्यांना ज्यांच्या मेलमधल्या लिंक तपासायच्या नाहीत त्या यादीत तो पाठवणारा टाकायला सांगा, आणि पाठवणाऱ्याला पण कळवा की तुमची लिंक एका उघडण्यात नाव काढते, मध्ये एक बटण ठेवा. बरेच लोक ऐकतात, कारण त्यांचे पण वाचक फुकटचे कमी होत असतात.

स्पॅमचं बटण म्हणजे डिलीट नाही हो

आत्ता वाचायला वेळ नाही म्हणून स्पॅम दाबणारे लोक मी बघितलेत. जीमेलमध्ये न्यूजलेटरवर 'रिपोर्ट स्पॅम' केलं की ते बऱ्याचदा विचारतं की स्पॅम पण करू आणि अनसबस्क्राइब पण करू का, आणि घाईत आपण मोठं दिसणारं बटण दाबतो. याहू आणि आउटलुकचं अजून वेगळं, तिथे तुम्ही स्पॅम म्हटलं की ती तक्रार पाठवणाऱ्याच्या कंपनीकडे जाऊ शकते आणि मेल पाठवणाऱ्या बहुतेक सेवा तक्रार आली की त्या पत्त्याला कायमचं यादीतून काढतात. म्हणजे अनसबस्क्राइब न दाबता अनसबस्क्राइब. नंतर स्पॅममधून काढून 'नॉट स्पॅम' केलं तरी तिकडे गेलेली तक्रार परत येत नाही.

नको असेल तर डिलीट, नंतर वाचायचं असेल तर आर्काइव्ह किंवा स्नूझ. आणि जे हमखास हवंय त्यासाठी फिल्टर करा, तो कॉम्प्युटरवरच होतो. मेल उघडा, तीन टिंबं, 'फिल्टर मेसेजेस लाइक धिस', मग 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' ला टिक, आणि जमल्यास 'वाचन' असं लेबल द्या. लेबल दिलं की आवराआवर करताना डोळ्याला दिसतं की हे आपलं आहे, याला हात लावायचा नाही.

बटणं आता फार जवळ आलीत

पूर्वी तळाशी जाऊन शोधावं लागायचं. आता जीमेल उघडलं की पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच अनसबस्क्राइब, आयफोनच्या मेल अॅपमध्ये मेलच्या डोक्यावर 'धिस मेसेज इज फ्रॉम अ मेलिंग लिस्ट' अशी पट्टी. 2025 च्या जुलैपासून जीमेलने 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' नावाचं वेगळं पानच आणलं, तिथे सगळ्या न्यूजलेटरवाल्यांची यादी, जो जास्त मेल पाठवतो तो वर, आणि प्रत्येकापुढे बटण. हे पान चांगलंच आहे, मी स्वतः वापरते, पण रात्री झोपताना अंगठ्याने यादी सरकवत भराभर साफसफाई करायची जागा ती नाही. तिथे पाठवणाऱ्याचं नाव आणि त्याने अलीकडे किती मेल पाठवले एवढंच दिसतं. एकाच संस्थेची दोनतीन पत्रकं असतात, एक जाहिरातींचं आणि एक कामाचं, नावं जवळजवळ सारखी. आधी त्या ओळीवर जाऊन त्याचे मेल उघडून बघा, मग ठरवा.

तसंच 'प्रेफरन्सेस' च्या पानावर. आठवड्याला येणारं नको, महिन्याचं हवं म्हणून आपण तिथे जातो आणि 'अनसबस्क्राइब फ्रॉम ऑल' ला कधीकधी आधीच टिक असते. खालचं सेव्ह दाबायच्या आधी पान एकदा वरून खालपर्यंत वाचा, एवढंच.

एका बोटात शंभर न्यूजलेटर बंद करून देणारी फुकट अॅप असतात त्यांच्यापासून मात्र मी तरी लांबच राहते. ती तुमचा अख्खा मेलबॉक्स वाचायची परवानगी मागतात. अनरोल डॉट मी नावाची अशी एक सेवा खूप चालायची, लोकांच्या खरेदीच्या पावत्या ती स्वतःच्या मूळ कंपनीला मार्केट रिसर्चसाठी देत होती, आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावरून तिच्यावर कारवाई केली. कधीकाळी असलं काही जोडलं असेल तर गुगल अकाउंटमध्ये 'थर्ड पार्टी अॅप्स' च्या यादीत जाऊन काढून टाका, काय सांगावं, तेच अजून तुमच्या मागे मेल बंद करत बसलं असेल.

काही न दाबता नाव कसं जातं

मेलबॉक्स भरला की. गुगल फुकटात 15 जीबी देतं आणि त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं एकत्र, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअप पण त्यातच मोजतात, म्हणजे सकाळचे गुड मॉर्निंगचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ मिळून तुमचं न्यूजलेटर बाहेर ढकलतात. जागा संपली की आलेला मेल परत जातो, असं पुन्हापुन्हा झालं की पाठवणाऱ्याची सिस्टीम समजते हा पत्ता मेला आणि काढून टाकते. व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, खूप जागा मोकळी होते.

दुसरं म्हणजे न उघडणं. बरेच पाठवणारे काही महिने न उघडणाऱ्यांना यादीतून काढतात, कारण पैसे माणशी लागतात. यात तुमच्यावर अन्याय होऊ शकतो, कारण मेल उघडला हे त्यांना आतल्या एका अदृश्य चित्रावरून कळतं आणि तुम्ही चित्रं बंद ठेवली असतील तर रोज वाचूनही तुम्ही न वाचणाऱ्यांत जमा. म्हणून अधूनमधून एखादी लिंक उघडा, नाहीतर दोन ओळींचं उत्तर पाठवा. 'तुम्हाला अजून हवंय का' असा मेल आला तर त्यातलं हो दाबाच, तो बहुतेक शेवटचा असतो. आणि जुनं एखादं गुगल अकाउंट फक्त न्यूजलेटरसाठी ठेवलं असेल तर त्यात अधूनमधून लॉगिन करा, दोन वर्षं न वापरलेली अकाउंट गुगल 2023 च्या डिसेंबरपासून काढायला लागलंय.

तुम्हीच पत्रक पाठवत असाल तर

मंडळाचं, शाळेच्या बॅचचं, सोसायटीचं, असं काही चालवणाऱ्यांसाठी हे. तळाची लिंक एका छोट्या पानावर न्या आणि तिथे 'हो, माझं नाव काढा' असं एकच बटण ठेवा. वरच्या बटणासाठी ते आरएफसी 8058 वालं चालू ठेवा, बहुतेक सेवा स्वतःच करतात, आणि रोज 5000 च्या वर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांच्या जाहिराती मेलना तर 2024 पासून गुगलने ते सक्तीचंच केलंय. नाव काढल्यावर एक मेल पाठवा, 'चुकून झालं असेल तर इथे दाबा'. आणि तळाशी मराठीत एक ओळ टाका, 'हा मेल तुम्हाला कोणी पुढे पाठवला असेल तर खालची लिंक दाबू नका, ती त्यांची आहे'. आम्ही ही ओळ टाकल्यापासून माझ्याकडच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

लिंक लपवायच्या भानगडीत मात्र पडू नका. ज्याला जायचंय त्याला दार सापडलं नाही की तो स्पॅम दाबतो आणि मग तुमचे सगळ्यांचेच मेल स्पॅममध्ये पडायला लागतात. मराठीत लिहिणाऱ्यांची तर नकळत लपते, कारण जीमेल साधारण 102 केबीच्या पुढचा मेल कापून 'व्ह्यू एंटायर मेसेज' दाखवतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे मेलमधली अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, 3 बाइट खातं, इंग्रजीचं अक्षर 1. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजा. वरून डिझाइनचा कोड. म्हणजे इंग्रजी न्यूजलेटरला पुरून उरणाऱ्या लांबीत मराठीचं शेपूट कापलं जातं, आणि शेपटातच ती लिंक असते. लेख मोठा असेल तर निम्मा मेलमध्ये द्या, बाकीचा वेबसाइटवर.

गेलेलं नाव परत आणायचं

पाठवणाऱ्याला 'मला परत घ्या' म्हणून फोन करून उपयोग नसतो बऱ्याचदा, कारण मेलचिंपसारख्या, पत्रकं पाठवून देणाऱ्या सेवा स्वतःहून बाहेर पडलेल्या माणसाला यादीवाल्याला परत टाकू देत नाहीत, टाकायला गेलं तरी अडवतात. तुम्हालाच त्यांच्या फॉर्मवर जाऊन नाव भरावं लागतं. भरलं की बऱ्याच ठिकाणी 'कन्फर्म करा' असा मेल येतो, तो स्पॅम किंवा प्रमोशन्समध्ये पण शोधा, त्यातलं बटण दाबेपर्यंत तुम्ही यादीत नसता, निम्मे लोक इथेच थांबतात आणि म्हणतात फॉर्म भरला तरी येत नाही. स्पॅमच्या तक्रारीमुळे नाव गेलं असेल आणि फॉर्म पण घेत नसेल तर जीमेलवाल्यांनी पत्त्यात अॅटच्या खुणेआधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द घालून बघावा, समजा 'वाचन', अर्थात इंग्रजी अक्षरांत. मेल तुमच्याच इनबॉक्सात येतो पण त्यांच्या सिस्टीमला तो नवीन पत्ता वाटतो. काही फॉर्म अधिकचं चिन्ह घेत नाहीत, मग दुसरा पत्ता द्या, किंवा पाठवणाऱ्याला मेल करून कळवा की तक्रार चुकून गेली होती आणि त्यांच्या सेवेच्या सपोर्टकडून ती काढता येते का ते विचारून घ्यायला सांगा. फोनवर सांगू नका, मेलच करा, त्यांना पुढे दाखवायला लेखी काहीतरी लागतं.